संदिग्ध कंस (रुबी)

संदिग्ध कंस म्हणजे रुबी या प्रोग्रॅमिंग भाषेत मेथडच्या नावानंतर येणारा असा गोल कंस, की ज्याचे कार्य केवळ त्याच्या आकृतीवरून ठरत नाही. हा कंस मेथडला दिलेल्या आर्ग्युमेंटांना वेढणारा असू शकतो किंवा गणितातल्याप्रमाणे पदांचा गट करणारा असू शकतो. यांपैकी कोणता अर्थ घ्यायचा हे रुबीचा पार्सर बहुतांशी कंसाच्या आधी मोकळी जागा आहे की नाही यावरून ठरवतो. त्यामुळे एका मोकळ्या जागेने आज्ञावलीचे उत्तर बदलते, आणि कित्येकदा कोणतीही त्रुटी न दाखवता बदलते. रुबीत कंस गाळण्याची मुभा असल्याने हीच संदिग्धता उणे चिन्ह, गुणाकाराचे चिन्ह, चौकटी कंस व महिरपी कंस यांच्या बाबतीतही उद्भवते.

या लेखातील नमुन्यांत मेथडांची व चलांची नावे देवनागरीत दिली आहेत. रुबीच्या सध्याच्या आवृत्त्यांत अशी नावे प्रत्यक्षात चालतात. अंक आणि भाषेचे राखीव शब्दही वाचनसोयीसाठी देवनागरीत लिहिले आहेत. संगणकावर मात्र ते इंग्रजीतच लिहावे लागतात. 'छापा' ही मेथड मिळालेले मूल्य पडद्यावर दाखवते आणि स्वतः 'निल', म्हणजे 'काही नाही' हे मूल्य परत देते, असे येथे गृहीत धरले आहे.

पार्श्वभूमी

रुबी भाषेची निर्मिती जपानमधील युकिहिरो मात्सुमोतो यांनी १९९३ मध्ये सुरू केली आणि १९९५ मध्ये ती सर्वांसाठी खुली केली. पर्ल, स्मॉलटॉक व लिस्प या भाषांचा तिच्यावर प्रभाव आहे. लिहिणाऱ्याला भाषा सहज वाटावी, हे तिचे उद्दिष्ट प्रारंभापासून राहिले. मेथडला हाक मारताना कंस ऐच्छिक ठेवणे हा त्याच उद्दिष्टाचा भाग होय. त्यामुळे पुढील दोन ओळींचा अर्थ एकच होतो :

    बेरीज(२, ३)
    बेरीज २, ३

दुसरी ओळ साध्या वाक्यासारखी वाचता येते. २००४ मध्ये डेव्हिड हाइनमायर हॅन्सन यांनी प्रसिद्ध केलेल्या रुबी ऑन रेल्स या चौकटीने या सवलतीचा भरपूर उपयोग केला. तिच्यातील अनेक विधाने कंसाविना लिहिली जात असल्याने ती आज्ञार्थी वाक्यांसारखी दिसतात. आज्ञावलीला मिळालेल्या या प्रासादिकतेची किंमत पार्सरला द्यावी लागते, कारण नावाशेजारी आलेल्या प्रत्येक चिन्हाचा अर्थ त्याला संदर्भावरून लावावा लागतो.

कंसाची दोन कार्ये

महाराष्ट्रातील शाळांत पदावली सोडवण्याचा क्रम 'कंचेभागुबेव' या सूत्राने शिकवला जातो : आधी कंस, मग 'चे', त्यानंतर भागाकार, गुणाकार, बेरीज आणि वजाबाकी. या सूत्रातील कंस गट करणारा आहे. आतले आधी सोडवा, एवढेच तो सांगतो. प्रोग्रॅमिंगमध्ये कंसाला दुसरे काम मिळते. नावाला चिकटून आलेला कंस 'ही मेथड चालवा आणि आतील मूल्ये तिला द्या' असे सांगतो. बहुतेक भाषांत मेथड चालवण्यासाठी कंस अनिवार्य असल्याने या दोन कामांची गल्लत होत नाही. रुबीत तो अनिवार्य नसल्याने पुढील दोन ओळी भिन्न ठरतात :

    छापा(३० + २०) * १८
    छापा (३० + २०) * १८

पहिल्या ओळीत कंस नावाला चिकटलेला आहे. म्हणून छापा या मेथडला ५० हे मूल्य मिळते व पडद्यावर ५० उमटते. त्यानंतर मेथडने परत दिलेल्या 'निल' या मूल्याला १८ ने गुणण्याचा प्रयत्न होतो, आणि 'निल'ला गुणाकार माहीत नसल्याने आज्ञावली त्रुटी दाखवून थांबते. दुसऱ्या ओळीत नाव व कंस यांच्यामध्ये जागा आहे. तेथे कंस गट करणारा मानला जातो, त्यापुढील गुणाकारासह संपूर्ण पदावली हेच आर्ग्युमेंट ठरते आणि ९०० उमटते.

मूक चूक

वरील उदाहरणात निदान त्रुटी तरी दिसते. मेथडने परत दिलेले मूल्य संख्या असेल, तर चूक मूकपणे घडते. समजा, नारायणगावच्या टोमॅटो बाजारातील हिशेबासाठी 'हमाली' नावाची मेथड लिहिली आहे. ती क्रेटची संख्या घेते आणि प्रत्येक क्रेटला ५ रुपये या काल्पनिक दराने रक्कम देते. दोन गाड्यांतून ३० व २० क्रेट आले आणि एकूण हमालीत १० रुपयांचा किरकोळ खर्च मिळवायचा आहे :

    एकूण = हमाली(३० + २०) + १०
    एकूण = हमाली (३० + २०) + १०

पहिल्या ओळीत ५० क्रेटची हमाली २५० रुपये होते आणि त्यात १० मिळवून २६० हे उत्तर येते. दुसऱ्या ओळीत १० रुपये क्रेटच्या संख्येत मिसळले जातात. हमाली ६० क्रेटची लागते आणि उत्तर ३०० येते. दोन्ही उत्तरे दिसायला विश्वसनीय आहेत, आज्ञावली कोठेही थांबत नाही, आणि ४० रुपयांचा फरक शेतकऱ्याच्या पट्टीत जातो. संदिग्ध कंसाचा खरा धोका हा आहे.

अशी चूक दीर्घकाळ दडून राहण्याचे कारणही कंसाच्या स्वरूपातच आहे. मेथडला एकच आर्ग्युमेंट असेल आणि कंसानंतर काहीच नसेल, तर दोन्ही अर्थांचे उत्तर सारखे येते :

    हमाली(५०)
    हमाली (५०)

त्यामुळे जागा सोडून लिहिण्याची सवय कितीतरी दिवस निर्धोक वाटते. पुढे कोणी त्याच ओळीच्या शेवटी बेरीज, गुणाकार किंवा दुसरी मेथड जोडते तेव्हा अर्थ पालटतो. बदल ओळीच्या शेवटी झालेला असतो आणि दोष मात्र तिच्या आरंभी असतो, म्हणून तो शोधणे कठीण जाते.

एकापेक्षा अधिक आर्ग्युमेंटे असतील तर जागा सोडल्याने वेगळा परिणाम होतो :

    बेरीज (२, ३)
    बेरीज (२ + ३), ४

पहिली ओळ सध्याच्या रुबीत व्याकरणदृष्ट्या अशुद्ध ठरते, कारण गट करणाऱ्या कंसात स्वल्पविरामाने तोडलेली दोन मूल्ये बसत नाहीत. दुसरी ओळ शुद्ध आहे. तीत मेथडला ५ आणि ४ अशी दोन मूल्ये मिळतात. रुबीच्या १.८ मालिकेत पहिली ओळ इशारा देऊन स्वीकारली जात असे. सी भाषेत नाव आणि कंस यांमधील जागेने हाकेचा अर्थ बदलत नाही. अशा भाषांतून रुबीकडे वळलेल्यांची जुनी सवय म्हणूनच येथे अडचणीची ठरते.

पार्सरची निर्णयपद्धती

आज्ञावलीचा मजकूर आधी लेक्सर वाचतो आणि त्याचे नाव, अंक, चिन्ह असे तुकडे करतो. हे तुकडे जोडून पार्सर वाक्यरचना ओळखतो. सामान्यतः लेक्सर मोकळी जागा टाकून देतो. रुबीच्या लेक्सरला मात्र तिची नोंद ठेवावी लागते. आपण पदावलीच्या आरंभी आहोत, की नुकतेच आर्ग्युमेंट घेऊ शकणारे नाव वाचले आहे, याचीही स्थिती तो जवळ बाळगतो. या माहितीच्या आधारे गोल कंस उघडताच तो त्याचे तीनपैकी एका प्रकारात वर्गीकरण करतो :

१. नावाला चिकटलेला कंस : आर्ग्युमेंटांची यादी सुरू झाली.
२. आर्ग्युमेंट घेऊ शकणाऱ्या नावानंतर जागा सोडून आलेला कंस : पहिले आर्ग्युमेंट सुरू झाले आणि ते गटापासून सुरू होत आहे.
३. पदावलीच्या आरंभी आलेला कंस : साधा गट.

हा निर्णय कंस उघडतानाच होतो, आतील मजकूर वाचल्यावर नव्हे. म्हणूनच 'बेरीज (२, ३)' यातील स्वल्पविराम पुढे दिसला, तरी पार्सर मागे येऊन पहिला अर्थ स्वीकारत नाही.

रुबीचे व्याकरण अनेक वर्षे बायसन या साधनाने तयार होणाऱ्या पार्सरमध्ये मांडलेले होते. डिसेंबर २०२३ च्या ३.३ आवृत्तीत बायसनची जागा लरामा या साधनाने घेतली आणि त्याच आवृत्तीबरोबर प्रिझम हा हाताने लिहिलेला नवा पार्सर उपलब्ध झाला. डिसेंबर २०२४ च्या ३.४ आवृत्तीपासून प्रिझम मूलनिवड म्हणून वापरला जातो. पार्सर बदलला तरी कंसाचे नियम बदलले नाहीत. पूर्वी लिहिलेल्या आज्ञावलींचा अर्थ जसाच्या तसा राहणे आवश्यक होते.

चल की मेथड

कंस नसलेले एकटे नाव हे स्थानिक चल असू शकते किंवा मेथडची हाकही असू शकते. त्या व्याप्तीत आधी कोठे 'भाव = …' असे मूल्य नेमलेले पार्सरला दिसले असेल, तर पुढे 'भाव' हे चल मानले जाते; एरवी ती मेथड ठरते. ती नेमणूक प्रत्यक्षात घडली नाही, उदाहरणार्थ खोट्या अटीच्या आत राहून गेली, तरी पार्सरचा निर्णय बदलत नाही आणि 'भाव' चे मूल्य 'निल' निघते. 'भाव()' असा रिकामा कंस जोडल्यास मात्र ती निःसंशय मेथडची हाक होते.

याच नियमामुळे एखाद्या वस्तूच्या मेथडच्या आत 'भाव = २०' असे लिहिल्यास त्या वस्तूचा भाव बदलत नाही, तर त्याच नावाचे नवे स्थानिक चल निर्माण होते. वस्तूचा भाव बदलण्यासाठी 'सेल्फ.भाव = २०' असे लिहावे लागते.

वारशाने मिळालेली मेथड चालवणाऱ्या 'सुपर' या शब्दाच्या बाबतीत रिकामा कंस अधिकच अर्थपूर्ण आहे. नुसते 'सुपर' लिहिल्यास सध्याच्या मेथडला मिळालेली सर्व आर्ग्युमेंटे पुढे पाठवली जातात. 'सुपर()' लिहिल्यास एकही पाठवले जात नाही.

इतर चिन्हांची संदिग्धता

उणे चिन्ह. 'शिल्लक -१' या ओळीत शिल्लक हे चल असेल तर वजाबाकी होते; मेथड असेल तर तिला उणे एक हे आर्ग्युमेंट दिले जाते. 'शिल्लक - १' अशी दोन्ही बाजूंना जागा ठेवल्यास दोन्ही स्थितींत वजाबाकीच होते. चिन्हाआधी जागा आहे पण नंतर नाही, ही विषमता पार्सर 'चिन्ह पुढच्या पदाचे आहे' याची खूण मानतो.

गुणाकाराचे चिन्ह. 'क्रेट *भाव' यात क्रेट ही मेथड असेल, तर तारांकनाचा अर्थ गुणाकार न राहता 'यादी उलगडून तिच्यातील मूल्ये सुटी सुटी द्या' असा होतो.

तिरपी रेघ. 'क्रेट /२' यात क्रेट ही मेथड असेल, तर भागाकाराऐवजी मजकूर शोधण्याच्या नमुन्याची, म्हणजे रेग्युलर एक्स्प्रेशनची, सुरुवात झाली असे मानले जाते. बंद करणारी रेघ न सापडल्यास त्रुटी येते.

चौकटी कंस. 'यादी [०]' यात यादी हे चल असेल तर तिचा पहिला घटक मिळतो. मेथड असेल तर शून्य हा एकच घटक असलेली नवी यादी तिला आर्ग्युमेंट म्हणून दिली जाते.

महिरपी कंस. हा कंस आज्ञांचा ब्लॉक दाखवतो आणि जोड्यांचा संग्रह, म्हणजे हॅश, सुद्धा दाखवतो. 'छापा {}' यात रिकामा हॅश छापला जाईल असे वाटते; प्रत्यक्षात रिकामा ब्लॉक मेथडला जोडला जातो आणि कोरी ओळ उमटते. 'छापा({})' लिहिल्यास हॅश छापला जातो.

ब्लॉकचे दोन प्रकार. महिरपी कंसातील ब्लॉक आपल्या लगतच्या मेथडला जोडला जातो, तर 'डू' व 'एंड' या शब्दांमधील ब्लॉक कंसाविना लिहिलेल्या ओळीतील पहिल्या मेथडला जोडला जातो. म्हणून 'छापा यादी.मॅप' पुढे महिरपी कंस असल्यास बदललेली यादी छापली जाते. 'डू–एंड' असल्यास ब्लॉक 'छापा'ला मिळतो, 'मॅप' ब्लॉकविना राहते आणि अपेक्षित यादी उमटत नाही.

एकात एक हाका. 'छापा बेरीज २, ३' याचा अर्थ 'छापा(बेरीज(२, ३))' असा होतो. मात्र 'छापा १, बेरीज २, ३' ही ओळ अशुद्ध आहे, कारण स्वल्पविरामानंतर कंसाविना दुसरी हाक चालत नाही.

ओळीचा शेवट. डिसेंबर २०२१ च्या ३.१ आवृत्तीपासून हॅशमधील नाव व चलाचे नाव एकच असल्यास मूल्य गाळून 'नोंदवा भाव:' असे लिहिता येते. परंतु कंस नसेल तर पार्सर पुढच्या ओळीकडे जातो आणि तिलाच 'भाव' चे मूल्य समजतो. 'नोंदवा(भाव:)' लिहिल्यास वाक्य तेथेच संपते.

इशारे आणि साधने

इशारे दाखवण्याचा पर्याय चालू करून आज्ञावली चालवल्यास, पहिले आर्ग्युमेंट संदिग्ध आहे किंवा तारांकनाचा अर्थ आर्ग्युमेंटचा उपसर्ग असा घेतला आहे, अशा सूचना रुबी देते. या सूचनांमुळे आज्ञावली थांबत नाही. पार्सरने एक अर्थ निवडलेला असतो; लेखकाच्या मनातील अर्थ तोच आहे काय, एवढेच विचारलेले असते.

बोझिदार बात्सोव्ह यांनी सुरू केलेले रुबोकॉप हे साधन आज्ञावली न चालवता तिचा मजकूर तपासते. नाव व कंस यांमधील जागा, संदिग्ध चिन्हे, संदिग्ध रेग्युलर एक्स्प्रेशन आणि ब्लॉकची संदिग्ध जोडणी यांसाठी त्यात स्वतंत्र नियम आहेत.

रुबी समाजात सर्वसाधारणपणे पुढील संकेत पाळले जातात :

१. कंस द्यायचा असल्यास तो नावाला चिकटवून द्यावा.
२. पहिले आर्ग्युमेंट कंसापासून सुरू होत असेल, तर बाहेरचा कंसही लिहावा : 'छापा((३० + २०) * १८)'.
३. द्विपदी क्रियाचिन्हाच्या दोन्ही बाजूंना सारखी जागा ठेवावी.
४. मेथडने दिलेले मूल्य पुढे वापरायचे असेल, तर कंस गाळू नये.
५. कंस केवळ आज्ञेसारख्या स्वतंत्र विधानांतच गाळावा.

इतर भाषांतील स्थिती

पर्लमध्ये छापण्याच्या आज्ञेपुढे जागा सोडून कंस दिला, तरी तो आर्ग्युमेंटांचाच मानला जातो. म्हणून '(२ + ३) * ४' छापायला सांगितल्यावर ५ उमटते. इशारे चालू असल्यास तशी सूचना मिळते. येथे रुबीने पर्लच्या उलट निवड केली आहे.

पायथनच्या दुसऱ्या आवृत्तीत छापणे हे विधान होते, त्यामुळे हीच ओळ २० दाखवत असे. २००८ मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत ते फंक्शन झाले. आता तीच ओळ ५ छापते आणि नंतर त्रुटी देते. एका चिन्हाचेही स्थान न बदलता केवळ भाषेच्या आवृत्तीमुळे अर्थ पालटल्याचे हे उदाहरण होय.

लिस्पमध्ये फंक्शनचे नावही कंसाच्या आतच लिहितात, म्हणून अशी शंका उद्भवत नाही. हॅस्केलमध्ये फंक्शन व त्याचे आर्ग्युमेंट केवळ जागा सोडून लिहितात आणि कंसाला गट करण्याखेरीज अशा हाकेत दुसरे काम नसते. या दोन भाषांचे मार्ग परस्परविरुद्ध आहेत; तरीही दोन्हींत नियम एकच असल्याने वाचकाला अर्थ निवडावा लागत नाही.

मराठी लेखनाशी साधर्म्य

मोकळ्या जागेने अर्थ बदलणे मराठी वाचकाला अपरिचित नाही. 'तो वर आला' आणि 'तोवर आला' यांत अक्षरे तीच आहेत. जागेमुळे सर्वनाम व क्रियाविशेषण यांचे एकच क्रियाविशेषण बनते. मोडी लिपीतील जुन्या दस्तऐवजांत शब्दांमध्ये अंतर सोडण्याची रीत नसल्याने पदे कोठे तोडायची हे वाचणाऱ्याला विषयाच्या जाणिवेने ठरवावे लागते. अलंकारशास्त्रातील सभंग श्लेष तर शब्द दोन प्रकारे तोडता येण्यावरच उभा आहे.

गटाची संदिग्धताही मराठीत आढळते. 'जुनी पुस्तके आणि वह्या' या पदसमूहात केवळ पुस्तके जुनी आहेत, की वह्याही, हे शब्दांवरून सांगता येत नाही. एकोणिसाव्या शतकात मेजर थॉमस कँडी यांच्या प्रयत्नांनी मराठी गद्यात विरामचिन्हे रुळली, तेव्हा अशा अनेक शंका कमी झाल्या. सगळ्या मिटल्या नाहीत.

साधर्म्य येथे संपते. मनुष्य संदर्भ पाहतो, शंका आल्यास विचारतो आणि कवीच्या दुहेरी अर्थाचा आनंदही घेतो. पार्सर दोन अर्थ मनात धरत नाही. ठरलेल्या नियमाने एक निवडतो आणि पुढे जातो. यंत्राच्या दृष्टीने वरील बहुतेक ओळी संदिग्ध नाहीतच. संदिग्धता वाचणाऱ्या माणसाच्या ठायी असते, आणि कंस लिहायचा तो त्याच्यासाठी.

भारतातील रुबी

भारतात रुबीचा प्रसार प्रामुख्याने रुबी ऑन रेल्सच्या कामातून झाला आणि पुणे हे त्याचे एक केंद्र बनले. रुबीकॉन्फ इंडिया ही परिषद २०१२ व २०१३ मध्ये पुण्यात, तर २०१४ व २०१५ मध्ये गोव्यात भरली होती. एकाने लिहिलेली ओळ दुसऱ्याने वाचून वाढवायची अशी या कामाची रीत असल्याने, कंसासंबंधीचे संकेत सर्वांनी सारखे पाळणे तेथे विशेष महत्त्वाचे ठरते.

हेही पहा

रुबी (प्रोग्रॅमिंग भाषा)
रुबी ऑन रेल्स
पार्सर
विरामचिन्हे
मोडी लिपी
श्लेष अलंकार